हर्बल चहातले पीए अल्कलॉइड: एकाच लॉटचे दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत

तुळसवाफा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तुळस, गवती चहा आणि पेपरमिंट यांच्या मिश्रणाचा ६०० किलोचा लॉट जर्मनीला जायचा आहे. माल १५ किलोच्या ४० पोत्यांत आहे. पायरोलिझिडीन अल्कलॉइडचे (पीए, काही तणांत असणारी, यकृताला घातक विषं) दोन रिपोर्ट आलेत. एका लॅबने ९६ मायक्रोग्रॅम/किलो दिलंय, दुसरीने ३१०. दोन्हीकडे एलसी-एमएस/एमएस (संयुगं कॉलममधून वेगळी करून वस्तुमानाने ओळखायचं यंत्र) आणि दोन्हीकडे '२१ पीएची बेरीज' असंच लिहिलंय. दोन पोत्यांतून १०० ग्रॅमची एकेक पुडी भरून एकेका लॅबला पाठवली होती.

यातला कुठला आकडा धरायचा? मर्यादा ४०० की २००? खरेदीदाराच्या स्पेकमध्ये ४०० आहे, एजंट २०० वर अडून बसलाय. शिवाय नाशिककडची एक लॅब, जी द्राक्षांचे अवशेष तपासते, ती पीए बसवायला तयार आहे. त्यांच्याकडे ट्रिपल क्वाड (याच प्रकारचं यंत्र) आहे, पण या कामाचा अनुभव नाही. नमुना काढण्यापासून तो मशीनमध्ये सोडेपर्यंत काय सांभाळायचं ते नीट सांगाल का?

---

मोजमाप

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, तेव्हा लॅबला दोष देण्याआधी पुड्यांकडे बघा.

तुळस, गवती चहा, पेपरमिंट यातलं कुणीच पीए तयार करत नाही. ते येतं कापणीबरोबर आलेल्या तणातून, आणि तण मालात सारखं पसरलेलं नसतं. एखाद्या तणाच्या सुक्या पाल्यात ०.२ टक्के पीए धरू. (काहींत याच्या कितीतरी कमी असतं, काहींत टक्क्याच्या वर.) म्हणजे १ मिलिग्रॅम पाल्यात २ मायक्रोग्रॅम. ३१० मायक्रोग्रॅम/किलोच्या हिशेबाने १०० ग्रॅमच्या पुडीत ३१ मायक्रोग्रॅम पीए होतं, म्हणजे साडेपंधरा मिलिग्रॅम तण. ९६ वाल्या पुडीत पावणेपाच मिलिग्रॅम. दोन रिपोर्टांतला सगळा फरक जेमतेम ११ मिलिग्रॅम सुक्या पानाचा झाला. बोटाच्या चिमटीत धरलात तर जाणवणारही नाही इतका तुकडा.

पुढे लॅब त्या पुडीतून २ ग्रॅमच घेते. ३१० च्या पातळीला २ ग्रॅममध्ये तण ०.३ मिलिग्रॅम असायला हवं. दळण जाडंभरडं असेल तर एक कण आला की आकडा उड्या मारतो, नाही आला की 'आढळले नाही'.

म्हणून नमुना असा काढा. सगळ्या ४० पोत्यांतून प्रत्येकी ५० ग्रॅम, मिळून २ किलो. पोत्यात खुपसायची नळी पाल्याच्या मालाला चालत नाही. तिच्यात चुरा शिरतो, काड्या आणि अख्खी पानं बाहेर राहतात. पोतं ताडपत्रीवर ओतून वरून, मधून आणि तळाच्या चुऱ्यातून हाताने घ्या. हे २ किलो सगळेच्या सगळे ०.५ मि.मी. जाळीच्या मिलमधून काढा. मूठभर दळून बाकीचं परत पिशवीत, असं नको. जाळीवर उरलेल्या चिवट काड्या फेकून देऊ नका, पुन्हा दळून त्यातच मिसळा. मिल तापली की तुळशीतलं तेल सुटतं आणि पूड जाळीला चिकटते, तेव्हा थोडं थोडं घालून मध्ये मिल थंड होऊ द्या.

दळलेली पूड चांगली घोळवून ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तेच. शेवटी २०० ग्रॅमच्या तीन पिशव्या: दोन लॅबांना, एक स्वतःकडे सीलबंद. आता दोन्ही लॅबांना तीच पूड गेली. तरीही ९६ आणि ३१० आले तर लॅबवर बोट ठेवता येईल.

पूड पुरेशी एकजीव झाली का हे तपासायचं तर तिच्यातूनच २ ग्रॅमचे सहा वेगळे नमुने काढून चालवा. सहांच्या आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त आरएसडी (सरासरीच्या तुलनेतली तफावत) आली तर पुन्हा दळा. तेवढ्याने भागलं नाही तर २ च्या जागी १० ग्रॅम घ्या आणि द्रावकही त्याच पटीत वाढवा.

---

निर्यातकागद

मर्यादेपुरतं सांगतो. एजंट बरोबर आहे.

युरोपियन युनियनच्या २०२३/९१५ या नियमात (आधीच्या २०२०/२०४० मधून आलेल्या तरतुदी, १ जुलै २०२२ पासून लागू) सुक्या हर्बल चहाला सर्वसाधारण मर्यादा २०० मायक्रोग्रॅम/किलो आहे. ४०० ही सवलत फक्त रूइबॉस, अॅनिस, लेमन बाम, कॅमोमाइल, थाइम, पेपरमिंट आणि लेमन व्हर्बेना यांना, आणि केवळ यांच्याच मिश्रणाला. तुमच्यात पेपरमिंट आहे, पण तुळस आणि गवती चहाही आहे. नाव ऐकून गवती चहाला लेमन व्हर्बेनाच्या रांगेत बसवणारे भेटतात. ती वनस्पतीच वेगळी.

तोच माल 'सुकी मसाला-पानं' म्हणून गेला तर ४००, साध्या चहापत्तीला १५०, लहान मुलांच्या चहाला ७५. पाकिटावर काय छापलंय त्यावर रकाना ठरतो. स्पेकमधला ४०० हा बहुधा पेपरमिंटच्या कागदावरून उचललेला आहे, लेखी दुरुस्त करून घ्या.

आपल्याकडे एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) नियमांत नैसर्गिक विषारी घटकांची जी यादी आहे तिच्यात अॅगॅरिक अॅसिड, हायड्रोसायनिक अॅसिड, हायपरिसिन आणि सॅफ्रोल ही चार नावं आहेत. पीए त्या यादीत नाहीत. त्यामुळे 'देशी नियमांत पास' एवढ्यावर जर्मनीत काही सिद्ध होत नाही.

---

कार्ट्रिजवाला

नाशिकच्या लॅबसाठी. कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्यांचा हात आपसूक क्वेचर्सकडे (मीठ आणि अॅसिटोनायट्राइल वापरून झटपट अर्क काढायची पद्धत) जातो, तिथेच थांबवा. वनस्पतीत पीए बरंचसं एन-ऑक्साइडच्या (नायट्रोजनला ऑक्सिजन जोडलेल्या) रूपात असतं आणि ते पाण्यावर फार प्रेम करणारं. मीठ टाकून अॅसिटोनायट्राइलचा थर वेगळा काढला तरी काही भाग खाली पाण्यातच राहू शकतो. प्रत्येक एन-ऑक्साइडची रिकव्हरी (टाकलेल्यातलं किती परत सापडतं) वेगवेगळी दाखवत नाहीत तोवर त्या वाटेने जाऊ नये. जर्मनीच्या बीएफआर संस्थेची आम्ल-निष्कर्षणाची पद्धत जुनी आहे पण भरवशाची.

०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्ल करा: १ लिटरसाठी संहत आम्ल सुमारे २.८ मि.लि., आधी पाणी, मग आम्ल. २ ग्रॅम पूड ५० मि.लि.च्या नळीत, त्यावर २० मि.लि. आम्ल, १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथ, मग सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी काढून घ्या, गाळावर पुन्हा २० मि.लि., पुन्हा तेच. दोन्ही एकत्र करून अमोनियाने पीएच ६ ते ७ वर आणा आणि गाळा. अमोनिया थेंबाथेंबाने घाला, कारण पीए ही एस्टर आहेत आणि फार अल्कधर्मी झालं की ती तुटायला लागतात.

तुळशीची खास कटकट म्हणजे मंजिरीतलं बी. ते पाण्यात फुगतं, बुळबुळीत होतं, २० मि.लि.पैकी बरंच स्वतःच धरून ठेवतं आणि पुढच्या पायरीतलं कार्ट्रिज (अर्कातलं पीए धरून ठेवणारी छोटी नळी) तुंबवतं. सेंट्रिफ्यूजचा वेग आणि वेळ दोन्ही वाढवा आणि काचतंतूच्या फिल्टरमधून आधी एकदा गाळा. हाती आलेलं द्रावण ४० ऐवजी ३३ मि.लि. भरलं तर आकारमान ४० ला पक्कं करून घ्या. नाहीतर पुढचा हिशेब चुकतो.

सी१८ कार्ट्रिज ५ मि.लि. मिथेनॉल, मग ५ मि.लि. पाण्याने तयार करा. त्यावर १० मि.लि. अर्क हळू सोडा, ५-५ मि.लि. पाण्याने दोनदा धुवा, कोरडं करा, ५-५ मि.लि. मिथेनॉलने दोनदा उतरवा. नायट्रोजनखाली ५० अंशांवर आटवा आणि १ मि.लि. द्रावणात परत विरघळवा: ५ भाग मिथेनॉल, ९५ भाग पाणी. इथे शुद्ध मिथेनॉल वापरलं की कॉलमवर लवकर येणारी पीकं (आलेखातले उंचवटे) फुटतात, हे हमखास घडतं.

हिशेब: ४० मि.लि.मधले १० घेतले म्हणजे अर्धा ग्रॅम नमुना १ मि.लि.मध्ये आला. व्हायलमधला १ नॅनोग्रॅम/मि.लि. म्हणजे मालातले २ मायक्रोग्रॅम/किलो.

कॉलम सी१८, १५० × २.१ मि.मी., २ मायक्रॉनच्या आतले कण, ४० अंश. पाणी आणि मिथेनॉल, दोन्हीत ५ मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट व ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल. मिथेनॉल ५ टक्क्यांवरून सावकाश चढवा. घाई केली की आयसोमर (रेणुसूत्र एकच पण रचना वेगळी अशी संयुगं) एकमेकांच्या अंगावर येतात.

आता खरी अडचण. सेनेसिओनीनचं एन-ऑक्साइड आणि रेट्रॉर्सीन यांचं रेणुसूत्र एकच, दोन्ही यंत्रात ३५२ या वस्तुमानावर दिसतात. हेलिओट्रीनचं एन-ऑक्साइड आणि युरोपीन दोन्ही ३३० वर. वस्तुमानाने हे वेगळे होत नाहीत, कॉलमनेच करावे लागतात. शिवाय १२० आणि १३८ हे तुकडे अनेक पीए देतात, त्यामुळे '१३८ दिसला म्हणजे आपलं संयुग' असं नाही. दोन ट्रान्झिशन (मूळ वस्तुमान → तुकडा अशा जोड्या), आयन गुणोत्तर ±३० टक्क्यांत, रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर यायची वेळ) ±०.१ मिनिटात. द्राक्षांना लावता तेच निकष इथे लावा.

कॅलिब्रेशन मॅट्रिक्समध्येच, म्हणजे त्याच पाल्याच्या पीए-मुक्त अर्कात करा. तुळस आणि पेपरमिंटचा अर्क आयनीकरण दाबतो, आणि पूर्ण २१ साठी लेबल केलेली अंतर्गत स्टँडर्ड मिळणं अवघड आहे. पीए-मुक्त तुळस मिळत नसेल तर स्टँडर्ड अॅडिशन करा, म्हणजे नमुन्यातच ठरावीक मात्रा घालून मोजा. रिकव्हरीसाठी २ ग्रॅमवर १ मायक्रोग्रॅम/मि.लि. मिश्रण ४०० मायक्रोलिटर टाका (२०० मायक्रोग्रॅम/किलोला बरोबर), अर्धा तास द्रावक उडू द्या, मग पुढे जा. व्हायलमध्ये १०० नॅनोग्रॅम/मि.लि. यायला हवं, ७० ते १२० चालेल. ही रिकव्हरी नमुना काढण्यातली चूक मात्र कधीच दाखवत नाही. 'मोजमाप' म्हणतात ते आधी, हे सगळं नंतर.

---

आयसोमर

वरची पद्धत ठीक, पण भारतीय मालासाठी दोन गोष्टी जोडतो. माझ्या मते ९६ आणि ३१० मधला काही वाटा इथेही असू शकतो.

एक, '२१ पीए' या शब्दांत सगळं येत नाही. नियमात २१ संयुगं आणि त्यांच्याबरोबर एकाच पीकमध्ये येऊ शकणारी आणखी १४ आहेत: इंडिसीन, एकिनाटीन, रिंडेरीन, इंटेजेरिमीन, हेलिओसुपीन, स्पार्टिओइडीन, उसारामीन आणि या सातांची एन-ऑक्साइडं. आपल्याकडची भुरुंडी (हेलिओट्रोपियम इंडिकम) मुख्यतः इंडिसीन देते, आणि इंडिसीन लायकोप्सामीनचा आयसोमर. एका लॅबचा कॉलम दोन्ही एकत्र आणतो, तर इंडिसीन लायकोप्सामीन म्हणून मोजलं जातं. दुसरीचा कॉलम ते छान वेगळं करतो, पण तिच्याकडे इंडिसीनचं स्टँडर्ड नाही, म्हणून ती ते पीक सोडून देते. चांगला कॉलम असलेल्या लॅबचा आकडा कमी! नियमाप्रमाणे वेगळं दिसलं तरी बेरजेत धरायचंच आहे. दोन्ही लॅबांकडून प्रत्येक संयुगाचा वेगळा आकडा आणि ३०० → ९४ चा क्रोमॅटोग्राम मागवा. आयसोमर खरोखर वेगळे करायचे असतील तर अमोनियम कार्बोनेट घालून पीएच ९ चं पाणी आणि अॅसिटोनायट्राइल वापरा, मात्र कॉलम त्या पीएचला टिकणारा हवा. साधा सी१८ लवकर मरतो.

दोन, मोनोक्रोटालीन. खुळखुळ्याच्या (क्रोटालेरिया) बऱ्याच जातींत हेच मुख्य असतं, आणि ते या २१ अधिक १४ मध्ये नाहीच. बीएफआरच्या २८ च्या यादीत आहे. म्हणजे खुळखुळ्याचं बी मिसळलेला माल युरोपच्या बेरजेत स्वच्छ दिसू शकतो आणि तरी विषारी असू शकतो. ३२६ → १२१ ही जोडी पद्धतीत घालाच, खर्च काही वाढत नाही. फक्त ते कॉलमवर फार लवकर उतरतं आणि त्याचं एन-ऑक्साइड सी१८ कार्ट्रिजवरून धुताना निसटू शकतं. त्यामुळे मी 'कार्ट्रिजवाल्यां'शी थोडा असहमत आहे. आपल्या मालाला मिश्र कॅटायन-एक्स्चेंज कार्ट्रिज बरं: अर्क आम्लातच चढवा, पाण्याने आणि मिथेनॉलने धुवा, अमोनियायुक्त मिथेनॉलने उतरवा. पीएच जुळवण्याची कसरतही वाचते.

तिसरं जाता जाता: बेरीज करताना मोजणीच्या मर्यादेखालचं संयुग शून्य धरतात. ज्या लॅबची मर्यादा संयुगामागे १० आहे, तिच्यात ६-६ मायक्रोग्रॅमची बारा संयुगं शून्य होतात, आणि ७२ चा आकडा गायब. ९६ वाल्या लॅबची मर्यादा विचारा.

---

कार्ट्रिजवाला

मोनोक्रोटालीनचं मान्य. पण कॅटायन-एक्स्चेंजमध्ये मिथेनॉलने धुण्याआधी कार्ट्रिज आम्लातच राहिलं पाहिजे. पाण्याने जास्त धुऊन आम्ल काढून टाकलं की कमकुवत अल्कधर्मी एन-ऑक्साइड सैल होतात. धुण्याच्या पाण्यात १ टक्का फॉर्मिक आम्ल ठेवा. आणि धुऊन निघालेलं पाणी एकदा मशीनवर चालवून बघा, काय सुटतंय ते कळेल.

---

बांधावरचा

शेतातलं कोणी बोललं नाही म्हणून. तुळस-गवती चहाच्या वाफ्यात बघायची तणं: ओसाडी (अॅजेरॅटम, निळसर-जांभळ्या झुपक्याची फुलं, चुरगळल्यावर उग्र वास), भुरुंडी (विंचवाच्या नांगीसारखा वळलेला पांढऱ्या-निळसर फुलांचा तुरा) आणि खुळखुळा (पिवळी फुलं, वाळलेल्या शेंगेत बी वाजतं). गाजर गवताला सगळे घाबरतात, पण पीएच्या हिशेबात ते नाही. त्याची विषं वेगळी.

निंदणी कापणीच्या आधी आठ दिवसांच्या आत पुन्हा एकदा करा, कारण पावसाळ्यात ओसाडी तेवढ्या दिवसांत परत वर येते. आणि उपटलेलं तण सरीत टाकू नका. जर्मनीत कॅमोमाइल, पेपरमिंट वगैरे पिकांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की सेनेसिओचा सुका पाला मातीवर आच्छादन म्हणून टाकला तर त्यातलं पीए पाण्याबरोबर मातीत उतरतं आणि शेजारचं पीक ते मुळांवाटे उचलतं. म्हणजे मालात तणाचा एक तुकडा नसूनही पीए येऊ शकतं. ताग हीसुद्धा क्रोटालेरियाच आहे, तेव्हा औषधी पानांच्या प्लॉटमध्ये हिरवळीच्या खताला ताग गाडण्यापेक्षा धैंचा बरा, असं मी सांगेन. धैंचा त्याच शेंगवर्गीय कुळातला असला तरी क्रोटालेरिया नव्हे.

विळ्याने जमिनीलगत कापू नका, चार बोटं वर ठेवा. बुटकं तण खालीच राहतं.

---

तुळसवाफा

खूप उपयोगी. दोनच शंका. लोक चहा पितात, सुका पाला खात नाहीत, मग काढ्यात किती उतरतं ते मोजून खरेदीदाराला दाखवलं तर? आणि आत्ताच्या लॉटला धुऊन किंवा वाफ देऊन काही फरक पडेल?

---

मोजमाप

सुक्या मालाची मर्यादा सुक्या मालावरच तपासतात, काढ्याचा आकडा बचावाला येत नाही. आणि तो फारसा कमीही नसतो: एन-ऑक्साइडं गरम पाण्यात सहज उतरतात, उकळीने मोडत नाहीत. २ ग्रॅमची पुडी, १५० मि.लि. उकळतं पाणी, ५ मिनिटं. सगळं उतरलं असं धरा. ४०० मायक्रोग्रॅम/किलोच्या मालाच्या कपात ०.८ मायक्रोग्रॅम. दिवसाला तीन कप, ६० किलोचा माणूस, म्हणजे किलोमागे ०.०४. एफ्साने (युरोपची अन्नसुरक्षा संस्था) २०१७ मध्ये तुलनेसाठी घेतलेला आकडा दिवसाला, किलो वजनामागे २३७ मायक्रोग्रॅम. भागाकार ५,९००च्या आसपास. १०,००० च्या वर असेल तर चिंता कमी मानतात. २०० च्या मालाला हाच भागाकार सुमारे ११,८०० येतो. २०० चा आग्रह उगाच नाही.

धुण्याने भागत नाही, कारण विष तणाच्या पेशींत आहे, धुळीत नाही. जंतू मारायच्या वाफेनेही नाही.

---

आयसोमर

'आपले आजोबा हेच काढे प्यायचे' म्हणणाऱ्यांसाठी: १९७५ मध्ये सरगुजात (तेव्हा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) गोंदली या भरड धान्यात क्रोटालेरिया नानाचं बी मिसळलं गेलं. ६७ जणांना यकृताच्या बारीक शिरा बंद होण्याचा आजार झाला, २८ दगावले. धान्यातलं प्रमाण चहापेक्षा कितीतरी मोठं होतं, तुलना तेवढ्यापुरतीच. पण यंत्रणा तीच: यकृतातले एन्झाइम पीएचं क्रियाशील पायरोल बनवतात आणि ते प्रथिनांना व डीएनएला चिकटतं.

आणि धोत्रा विसरू नका, त्याचा रिपोर्ट वेगळा लागतो. अॅट्रोपीन व स्कोपोलामीनची बेरीज हर्बल चहाला २५ मायक्रोग्रॅम/किलो. धोत्र्याच्या एका बीत साधारण ०.१ मिलिग्रॅम अॅट्रोपीन धरतात, म्हणजे किलोत एक बी आली की १०० मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या चौपट. वरच्याच आम्ल-अर्कातून दोन्ही मोजता येतात: २९० → १२४ आणि ३०४ → १३८.

---

बांधावरचा

आत्ताच्या लॉटला चाळणी लावून बघा, पण आंधळेपणाने नको. तो तीन भागांत चाळा: ५ मि.मी.च्या वर राहिलेलं, ५ ते १ मि.मी., आणि १ मि.मी.खालचा चुरा. प्रत्येक भागाचं वजन करा आणि प्रत्येकाचा वेगळा पीए रिपोर्ट काढा. ओसाडीचं पान पातळ असतं, तुळशीपेक्षा लवकर चुरा होतं, म्हणून बऱ्याचदा विष खालच्या भागात जमतं. तसं निघालं तर चुरा काढून उरलेल्याचा नव्याने नमुना घ्या. तिन्ही भागांत सारखंच निघालं तर मुळांवाटे आलं असण्याची शक्यता धरा. मग चाळून काही हाती लागणार नाही आणि तुळस, गवती चहा, पेपरमिंट यांचे मिसळण्याआधीचे राखून ठेवलेले नमुने वेगवेगळे तपासा.